नफा त्यांचा, कंबर आमची!

कारखान्याची इमारत कोसळली की जग हादरते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ कामगार ढिगाऱ्याखाली मेले. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या बाया होत्या. त्यानंतर युरोपातल्या मोठमोठ्या ब्रँडांना इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच गारमेंट कारखान्यांत रोज काहीतरी मोडत असते आणि त्याचा आवाज होत नाही. कामगाराची मान मोडते, खांदा मोडतो, मनगट मोडते, कंबर मोडते. या मोडण्याचा पंचनामा होत नाही, बातमी छापून येत नाही आणि नुकसानभरपाईचा तर प्रश्नच येत नाही. कारण आपल्या देशाच्या कायद्याच्या लेखी हे दुखणे कामामुळे होतच नाही!

आज या स्तंभातून आम्ही या दुखण्याबद्दल लिहीत आहोत. कोणी म्हणेल, आरक्षण, अत्याचार, खासगीकरण असे धगधगते प्रश्न समोर असताना कंबरदुखीवर अग्रलेख कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की, शिलाईच्या लाईनवर बसणारी बाई आपलीच आहे. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुसलमान आणि ओबीसी घरातल्या लेकीसुना या कामात आहेत. गावात शेतमजुरी उरली नाही म्हणून त्या शहरात आल्या आणि मशीनवर बसल्या. चळवळ त्यांच्या मतांची मोजदाद करते. त्यांच्या दुखण्याची मोजदाद कोण करणार?

आधी हे दुखणे होते कसे ते नीट समजून घेऊ. कारखान्यात अख्खा शर्ट एक कारागीर शिवत नाही. लाईन असते. एकजण फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त बाही जोडते, तिसरी फक्त कफ शिवते, चौथी काज-बटण करते. प्रत्येकीच्या वाट्याला तीस-चाळीस सेकंदांचे एक काम येते आणि तेच काम ती दिवसभर करते. समजा तासाचे टार्गेट ८० नगांचे आहे. आठ तासांत ६४० नग झाले. एका नगामागे हात चार वेळा पुढे-मागे गेला तरी दिवसाला अडीच हजारांहून जास्त वेळा तेच मनगट, तोच खांदा, त्याच कोनात हलला. महिन्याचे २६ दिवस धरले तर हा आकडा ६६ हजारांवर जातो. लोखंडी यंत्राला सुद्धा तेल घालावे लागते, दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागते. माणसाच्या सांध्याला ही सवलत नाही.

बरे, केवळ हालचालीनेच अंग दुखते असे नाही. न हलल्यानेही दुखते. सुई डोळ्यांसमोर धरायची म्हणून मान आणि पाठ पुढे वाकलेली असते. बसायला पाठ नसलेले स्टूल किंवा बाकडे असते. टेबलाची उंची सर्वांना एकच, मग बाई उंच असो की बुटकी. पाय पायडलवर अडकलेला असतो, गुडघ्याने प्रेसरफूट उचलायचा असतो. अशा स्थितीत मानेचे, खांद्याचे आणि कमरेचे स्नायू तासन्‌तास ताणून धरलेले असतात. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. थकलेल्या स्नायूला विसावा मिळाला तर तो सावरतो. विसावा न देता पुन्हा जुंपला तर थकव्याचे दुखणे होते, आणि दुखण्याचे कायमचे अधूपण होते.

शिलाईवालीचे हे झाले. धागे तोडणारी हेल्पर दिवसभर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कात्री चालवते. चेकिंगवाली आणि इस्त्रीवाला आठ-दहा तास उभे असतात. त्यांचे पाय सुजतात, टाचा भरून येतात. कटिंगवाला थरथरणारे जड मशीन कापडाच्या थप्पीतून रेटत नेतो. बंडल उचलणाऱ्याची कंबर जाते. मनगटातली शीर दाबली गेली की अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. रात्री झोपेतून उठून बाई हात झटकत बसते. डॉक्टरी भाषेत याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. वस्तीत मात्र त्याला एकच नाव आहे: "हात बधिर पडतो."

हे ज्ञान नवीन नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने सन १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात बसून काम करणाऱ्या शिंप्यांच्या आणि चांभारांच्या वाकलेल्या पाठीचीही दखल घेतली होती. रोग्याला तपासताना "तू काम काय करतोस?" हा प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे, असे त्याचे सांगणे होते. तीनशे वर्षे उलटून गेली. आपल्या दवाखान्यातल्या किती केसपेपरवर आजही हा प्रश्न विचारलेला दिसतो? बाई सांगते कंबर दुखते. डॉक्टर म्हणतात वय झाले, कॅल्शियम कमी आहे, बाळंतपणानंतर काळजी घेतली नाही, वजन कमी करा. वेदनाशामक गोळी लिहून देतात आणि सांगतात, आराम करा. आराम करायचा तर हजेरी जाते. मग गोळी खाऊन बाई पुन्हा मशीनवर बसते. या गोळ्या रोज खाल्ल्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा होते. त्यात टार्गेट चुकू नये, सुपरवायझरचे ओरडणे नको म्हणून बाया पाणीच कमी पितात, म्हणजे वारंवार संडासला जावे लागू नये. एका दुखण्यावरचा इलाज दुसऱ्या दुखण्याला आमंत्रण देतो.

आता कायद्याकडे वळू. कारण खरी गोम तिथे आहे.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याला तिसरे परिशिष्ट होते. कोणते रोग कामामुळे झालेले मानायचे आणि सरकारला कळवायचे त्याची ती यादी. त्यात २९ रोग होते. शिशाचे विष, पारा, आर्सेनिक, सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा वगैरे. कापसाच्या धुळीने फुप्फुस निकामी करणारा बिसिनोसिस हा रोगही त्यात आहे. म्हणजे गिरणी कामगाराच्या छातीला यादीत जागा मिळाली. पण शिलाई कामगाराच्या मानेला, मनगटाला आणि कमरेला त्या यादीत जागा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुना फॅक्टरी कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत विलीन झाला. संहिता नवी, पण तिच्या यादीतही रोग तेच २९! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० सालीच आपल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत स्नायू आणि सांध्यांच्या विकारांचा वेगळा गट केला आहे. मनगटाच्या स्नायुबंधांची सूज, कोपराचे दुखणे, कार्पल टनेल ही नावे त्यात स्पष्टपणे आहेत. भारत या संघटनेचा स्थापनेपासूनचा सभासद आहे. जिनिव्हात जे मान्य, ते दिल्लीत अमान्य का?

यादीत नाव असणे-नसणे हा केवळ कागदाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. हा भाकरीचा प्रश्न आहे. कामगार विमा योजनेचे, म्हणजे ई.एस.आय.चे उदाहरण घ्या. दुखणे साधा 'आजार' ठरले तर सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि तीही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. शिवाय आधीच्या काळात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. तेच दुखणे 'कामातून झालेली इजा' किंवा 'व्यावसायिक रोग' ठरले तर ९० टक्के रक्कम मिळते, तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत मिळते आणि वर्गणीच्या दिवसांची अट लागत नाही. कायमचे अधूपण आले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते आणि त्याप्रमाणे आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. दिवसाला ४०० रुपये मजुरी धरली तर आजाराचे २८० आणि इजेचे ३६० रुपये. रोजचे ८० रुपये आणि ९१ दिवसांची भिंत, एवढा फरक एका यादीने पडतो.

आणि यादीत नसलेला रोग सिद्ध करायची वाट तरी मोकळी आहे का? तीही नाही. १९४८ च्या विमा कायद्याने आणि १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने एकच दार ठेवले होते: तो रोग कामावर झालेल्या एखाद्या विशिष्ट अपघाताच्या इजेमुळेच झाला हे दाखवावे लागे. हात मशीनमध्ये सापडला, सुई बोटातून आरपार गेली, तर तारीख आणि वेळ सांगता येते. पण दहा वर्षे वाकून वाकून झिजलेल्या मणक्याची तारीख कोणती सांगायची? कोणत्या दिवशी, किती वाजता, कितव्या शर्टाला कंबर गेली? हळूहळू मारले तर तो गुन्हा नाही, असाच हा न्याय आहे.

तरीही आज जे मिळू शकते ते घेतलेच पाहिजे. मणक्यातली चकती सरकल्याचे निदान झाले तर विमा योजनेत वाढीव आजारपण लाभाची तरतूद आहे. ज्या मोजक्या दीर्घ आजारांना हा लाभ आहे त्यांत चकती सरकण्याचे नाव आहे. दोन वर्षे सलग विमाधारक असलेल्या आणि आवश्यक वर्गणी भरलेल्या कामगाराला तो मजुरीच्या ८० टक्के दराने मिळू शकतो. किती जणींना हे माहीत आहे? दर महिन्याला पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि कापलेल्या पैशाच्या बदल्यात आपला हक्क काय, हेच बाईला कोणी सांगत नाही. सांगणे हे चळवळीचे काम आहे.

बंगळुरूचे उदाहरण येथे मुद्दाम देतो. पीण्या, म्हैसूर रोड, होसूर रोड या भागांत लाखो बाया कपड्यांच्या कारखान्यांत काम करतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा कामगाराला ५८ वर्षे पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. १८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी या बाया मशीन बंद करून हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. कोणत्याही बड्या पुढाऱ्याने हाक दिली नव्हती. महामार्ग अडले, लाठीमार झाला, आणि १९ तारखेलाच सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. वर्तमानपत्रांनी हा 'पी.एफ.चा दंगा' म्हणून छापला. आम्ही त्याचा अर्थ वेगळा लावतो. शिलाईच्या लाईनवर चाळिशीपुढची बाई शोधावी लागते. टार्गेट झेपेनासे झाले की बाई आपणहून तरी घरी बसते किंवा तिला बसवले तरी जाते. ज्या शरीराला कारखाना चाळिशीतच टाकून देतो, त्या शरीराने ५८ वर्षांपर्यंत आपल्याच पैशाची वाट पाहायची? त्या बायांनी दिल्लीच्या हुशार अधिकाऱ्यांना आपल्या कमरेचे गणित शिकवले!

महाराष्ट्रात चित्र वेगळे नाही, फक्त विखुरलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणगाव उजाड झाले. कापड विणणे शहराबाहेर गेले, पण कपडे शिवणे राहिले. ते धारावीच्या माळ्यांवर, भिवंडीच्या आणि उल्हासनगरच्या गाळ्यांत, सोलापूरच्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत राहिले. मोठ्या कारखान्यात निदान हजेरीपत्रक असते. गाळ्यात पीस रेट असतो. जितके नग तितके पैसे. म्हणजे विसावा घेतला तर स्वतःचाच खिसा कापला जातो. दहापेक्षा कमी माणसांचा गाळा विम्याच्या सक्तीबाहेर आणि सुरक्षा संहितेच्याही बाहेर. घरी बसून बटणे लावणारी, धागे कापणारी बाई तर कोणाच्याच हिशेबात नाही. ती जमिनीवर बसून, गुडघ्यात मान घालून काम करते आणि शेजारणी म्हणतात, "हिचे बरे आहे, घरच्या घरी पैसे मिळतात."

अशा वेळी सरकार काय करते? कामाचे तास वाढवते. कर्नाटकाने २०२३ मध्ये फॅक्टरी कायद्यात बदल करून दिवसाच्या कामाची मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ करण्याला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाईमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगितले जाते. पण सांध्याला आठवडा कळत नाही, त्याला दिवस कळतो. नवव्या तासानंतरचे तीन तास आधीच थकलेल्या स्नायूवर येतात. विसाव्याचे तेवढेच तास कमी होतात. त्यातही बाईचा दिवस कारखान्यात सुरू होत नाही आणि संपतही नाही. पहाटे पाणी, डबे, मुले. रात्री पुन्हा चूल आणि धुणे. दुखण्याचे कारण घरकाम आहे असे म्हणून मालक मोकळा होतो. आम्ही म्हणतो, घरात तिला विसावा मिळत नाही म्हणून तर कारखान्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. आणि घरातल्या पुरुषांनीही, विशेषतः सभेत स्त्रीमुक्तीवर टाळ्या घेणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी, घरी गेल्यावर कळशी उचलावी.

आंबेडकरी वाचकाला हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. मजुरी जास्त असलेले खाते सवर्णांचे, कमी मजुरीचे खाते अस्पृश्यांचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे त्यांनी पुढे सिद्ध करून दाखवले. कोणाचे शरीर झिजवायचे आणि कोणाचे जपायचे हे या देशात जन्माने ठरत आले. डोक्यावर मैला वाहणाऱ्याची मान, ऊस तोडणाऱ्याची कंबर, वीटभट्टीवरचा गुडघा आणि आता शिलाई मशीनवरचा खांदा, या सगळ्यांना एकच माप लावले गेले: "त्यांना सवय असते." सवय हा शब्द म्हणजे मनुवादाचा कारखान्यातला अवतार आहे. कोणत्याही माणसाच्या मणक्याला चौदा-पंधरा वर्षे वाकून राहायची सवय होत नसते. सवय होते ती बघणाऱ्याच्या डोळ्यांना.

आणि बाबासाहेबांनी नुसते दुखणे दाखवले नाही, त्याचा खर्च कोणी सोसायचा तेही सांगितले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांची भूमिका अशी होती की, बाईच्या श्रमातून ज्याला फायदा होतो त्या मालकाला तिच्या विश्रांतीच्या खर्चातून अंग काढून घेता येणार नाही आणि सरकारलाही नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्याच काळात आखली गेली आणि १९४८ च्या विमा कायद्याचा पाया त्यातून पडला. कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. त्याही आधी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. कामाचे तास, विसावा, आजारपणातली मजुरी हे आपल्या चळवळीचे जुने विषय आहेत. आपणच ते मध्येच कुठेतरी टाकून दिले आणि ते फक्त लाल झेंड्याचे विषय आहेत असे समजत बसलो.

दलित बायांनी हा धागा पुन्हा हातात घेतल्याचे उदाहरण तामिळनाडूत आहे. जानेवारी २०२१ मध्ये दिंडीगुल भागातल्या एका गारमेंट कारखान्यात काम करणाऱ्या दलित तरुणीचा खून झाला. आरोपी तिचा सुपरवायझर होता. त्यानंतर दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनने लढा दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये दिंडीगुल करार झाला. कारखान्याच्या मालकाने आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या परदेशी ब्रँडांनी त्यासंबंधीच्या करारांवर सह्या केल्या. लैंगिक छळ आणि जातीभेद रोखण्यासाठी कामगार बायांनाच लाईनवर देखरेखीसाठी नेमले गेले. हा करार दुखण्यासाठी नव्हता, छळाविरुद्ध होता. पण टार्गेटसाठी अंगावर ओरडणारा सुपरवायझर आणि टार्गेटने मोडणारी कंबर यांचे नाते सांगायला हवे काय? सुपरवायझरची भीती गेली तर बाई उठून पाय मोकळे करू शकते, पाणी पिऊ शकते, हात दुखतो असे सांगू शकते. संघटना हे सांध्याचेही औषध आहे.

मग मागायचे काय? मागण्या अवघड नाहीत आणि महागही नाहीत. पाठ टेकता येईल अशी, उंची कमी-जास्त करता येणारी खुर्ची. बसणारीच्या उंचीप्रमाणे टेबल आणि पायडल. उभ्याने काम करणाऱ्यांना टेकायला-बसायला आसन आणि पायाखाली मऊ चटई. दर दोन तासांनी दहा मिनिटांचा भरपगारी विसावा. दिवसभर एकच काम न देता आलटून-पालटून काम. टार्गेट ठरवताना कामगारांच्या प्रतिनिधीला बसवणे. दुखणे सांगणारीला हाकलून न देता काही काळ हलके काम देणे. नव्या संहितांसोबत सरकारने चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी जाहीर केली आहे. ती शिलाई कामगारांना विसाव्या वर्षापासून मिळाली पाहिजे, आणि त्या तपासणीत रक्तदाब-साखरेबरोबर मान, खांदा, मनगट, कंबर, गुडघा यांचीही नोंद झाली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची मागणी: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या यादीप्रमाणे स्नायू आणि सांध्यांचे विकार कामगार संहितांच्या परिशिष्टांत घालावेत, आणि दहाच्या आतल्या गाळ्यांतल्या व घरी काम करणाऱ्या कामगारांना विमा लागू करावा.

मालक म्हणतील, यामुळे खर्च वाढेल, ऑर्डर बांगलादेशला जाईल. हे रडगाणे नवे नाही. रविवारची सुटी मागितली तेव्हा हेच म्हटले गेले, आठ तास मागितले तेव्हा हेच म्हटले गेले. खर्च तर आजही होतोच आहे. फक्त तो कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो बाईच्या औषधांच्या चिठ्ठीत दिसतो, बुडालेल्या हजेरीत दिसतो, आईची कंबर धरली म्हणून शाळा सोडून स्वयंपाकाला लागलेल्या मुलीच्या आयुष्यात दिसतो. नफा घेणाऱ्याने खर्चही उचलावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सरकार ऐकेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. आपल्याकडे विहारे आहेत, महिला मंडळे आहेत, वस्तीवस्तीत शाखा आहेत, शिकलेली पोरे आहेत. डॉक्टर आणि वकील झालेले आपलेच भाऊबहीण आहेत, ज्यांना समाजाचे देणे फेडायचे आहे. महिन्यातला एक रविवार या कामाला द्या. मोठ्या कागदावर माणसाची आकृती काढा आणि कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक बाईला जिथे दुखते तिथे टिकली लावायला सांगा. कॉलरवालीच्या टिकल्या कुठे येतात, धागेवालीच्या कुठे, इस्त्रीवाल्याच्या कुठे, हे अर्ध्या तासात डोळ्यांना दिसेल. "माझेच नशीब फुटके" असे समजणारी बाई शेजारणीची टिकली त्याच जागी पाहील, तेव्हा तिला कळेल की हे नशीब नाही, ही खुर्ची आहे, हे टार्गेट आहे. दवाखान्यात जाताना केसपेपरवर आपले काम, किती वर्षे करतो आणि दिवसाला किती तास करतो हे लिहून घ्यायला लावा. प्रत्येक चिठ्ठी आणि प्रत्येक रिपोर्ट जपून ठेवा. विमा कार्ड आहे की नाही, वर्गणी भरली जाते की नाही हे तपासा. उद्या कायद्याची यादी बदलायची तर पुरावा लागेल, आणि तो पुरावा दिल्लीत तयार होणार नाही. तो आपल्या वस्तीत तयार होईल.

ज्यांनी देशाला कपडे घातले त्यांच्या अंगावर दुखण्याशिवाय काही उरू नये, ही स्थिती संविधानाच्या अनुच्छेद ४२ ला धरून नाही. कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे काम आहे, असे तो अनुच्छेद सांगतो. चळवळीने आता या अनुच्छेदाचा हिशेब मागावा. पुढच्या सभेत व्यासपीठावरच्या खुर्च्यांची मोजणी करण्याआधी, समोर बसलेल्या आयाबहिणींपैकी किती जणींना दिवसभर बसायला पाठीची खुर्ची मिळते, हे एकदा विचारा. त्यांचे उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद निवेदन म्हणून कामगार आयुक्ताच्या टेबलावर ठेवा.